गावालगतच्या इमारतींचा रात्रीचा उजेड: परवानगीच्या कागदातच तो कसा बांधून घ्यावा

विदर्भात गावाच्या शिवेवर आज जे नवे बांधकाम उभे राहते ते बहुधा लग्नाचे लॉन, गोदाम, जिनिंग, पेट्रोल पंप, ढाबा किंवा जंगल जवळ असेल तर रिसॉर्ट असते, आणि यांपैकी जवळपास प्रत्येकाच्या कुंपणावर, छपरावर अथवा फलकावर रात्रभर जळणारे एलईडी फोकस असतात. हा उजेड शेजारच्या वावरात, घराच्या खिडकीत आणि आकाशात जाऊ लागला की तक्रार कोठे करावी, असा प्रश्न पडतो. पुढील मार्गदर्शन ग्रामपंचायत सदस्य, लगतचे शेतकरी आणि स्वतः बांधकाम करू इच्छिणारे व्यावसायिक या तिघांसाठी आहे. इमारत उभी राहण्यापूर्वी परवानगीच्या कागदात दिव्यांविषयी मोजता येईल असे चार शब्द लिहून घेतले, तर जे साधते ते नंतरच्या अर्ज-विनंत्यांनी क्वचितच साधते, हे त्याचे मुख्य सांगणे आहे.

प्रथम कायद्याची स्थिती

भारतात प्रकाश प्रदूषणासाठी स्वतंत्र कायदा नाही. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ मध्ये प्रदूषकाची जी व्याख्या आहे ती घन, द्रव किंवा वायुरूप पदार्थापुरती आहे. प्रकाश हा पदार्थ नसल्यामुळे तो त्या व्याख्येत सरळ बसत नाही. आवाजाचे तसे नाही. हवा प्रदूषण कायद्यात १९८७ मध्ये दुरुस्ती करून आवाजाला प्रदूषकांत घेतले गेले आणि २००० मध्ये ध्वनी प्रदूषणाचे स्वतंत्र नियम आले, म्हणून रात्री दहानंतर डीजे वाजला तर पोलिसांना बोलावता येते. त्याच लॉनवरचा फोकस पहाटेपर्यंत घरात शिरला तर दाखवण्यासाठी तसे कलम हाती नसते. गंमत अशी की १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने खिडकीतून वीस वर्षे अखंड येत राहिलेल्या उजेडावर हक्क मान्य केला आहे. अंधारावर हक्क सांगता येईल अशी वेळ येईल, हे त्या काळी कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते.

इतरत्र काय लिहिले आहे, ते थोडक्यात पाहणे उपयोगाचे आहे, कारण अटींची भाषा तेथून घेता येते. इंग्लंडमध्ये २००५ च्या कायद्याने त्रासदायक कृत्रिम प्रकाशाला कायदेशीर उपद्रवाचा दर्जा मिळाला. फ्रान्समध्ये २७ डिसेंबर २०१८ च्या आदेशानुसार इमारतींच्या दर्शनी भागावरील रोषणाई उशिरात उशिरा रात्री एक वाजता बंद करावी लागते, आणि कार्यालयातील आतले दिवे काम संपल्यानंतर एका तासात मालवावे लागतात. प्रकाशविषयक आंतरराष्ट्रीय आयोगाने, म्हणजे सीआयईने, २०१७ च्या आपल्या मार्गदर्शिकेत प्रदेशांचे ई-० ते ई-४ असे पाच वर्ग केले आहेत. ई-१ म्हणजे जवळपास निर्मनुष्य ग्रामीण भाग, ई-२ म्हणजे विरळ वस्तीचा ग्रामीण भाग आणि ई-४ म्हणजे शहराचा मध्य. शेजाऱ्याच्या खिडकीवर पडणाऱ्या उजेडाची मर्यादा ई-२ मध्ये, रात्री दिवे कमी करण्याच्या ठरलेल्या वेळेपूर्वी ५ लक्स (लक्स हे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे माप) आणि त्या वेळेनंतर १ लक्स आहे. ई-१ मध्ये ती अनुक्रमे २ लक्स व ०.१ लक्स आहे. पौर्णिमेचा चंद्र माथ्यावर असतानाही जमिनीवर साधारण एक तृतीयांश लक्सहून अधिक उजेड पडत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचा अंदाज येतो. हे आकडे आपल्याकडे बंधनकारक नाहीत. मात्र अट लिहिताना ‘जास्त उजेड नसावा’ असे मोघम म्हणण्यापेक्षा मान्यताप्राप्त आकडा लिहिणे केव्हाही बरे, कारण मोघम अट मोडली की नाही हे कोणालाच ठरवता येत नाही.

आपल्या नियमांत उजेडाचा उल्लेख कोठे आहे

स्वतंत्र कायदा नसला तरी बांधकामाच्या नियमांत चार-पाच ठिकाणी उजेड डोकावतो, आणि अर्ज करणाऱ्याने ती ठिकाणे नेमकी दाखवली पाहिजेत.

मोठ्या प्रकल्पांपासून सुरुवात करू. बांधीव क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक असेल तर पर्यावरणविषयक पूर्वमंजुरी लागते, आणि त्यासाठीच्या २००६ च्या अधिसूचनेतील प्रपत्र १ मध्ये ध्वनी व कंपनांबरोबरच प्रकाश व उष्णतेच्या उत्सर्जनाविषयी स्वतंत्र प्रश्न आहे. बहुतेक अर्जदार तेथे एका शब्दात नकार लिहून पुढे जातात. समृद्धी महामार्गालगत एखादे मोठे गोदाम-संकुल येत असेल, तर त्या रकान्यात काय भरले आहे हे पाहणे हे गावाचे पहिले काम आहे. जेथे जनसुनावणी होते, तेथे लेखी हरकत नोंदवतानाही हाच मुद्दा पुढे करता येतो.

दुसरे ठिकाण ऊर्जा संवर्धन इमारत संहितेचे. ही संहिता १०० किलोवॉट जोडभार किंवा १२० केव्हीए करारमागणी असलेल्या व्यावसायिक इमारतींसाठी आहे. २०१७ च्या आवृत्तीत बाहेरच्या दिव्यांसाठी क्षेत्रफळानुसार वॉटची कमाल मर्यादा आहे, आणि हे दिवे दिवसाउजेडी किंवा गरज नसताना आपोआप बंद होतील अशी यंत्रणा बसवण्याची अपेक्षा आहे. संहितेचा हेतू वीज वाचवण्याचा आहे, आकाश वाचवण्याचा नाही. पण टायमर लागला की दोन्ही होते.

तिसरे ठिकाण महाराष्ट्राच्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीचे. २०२० च्या डिसेंबरात मंजूर झालेली ही नियमावली मुंबई व आणखी काही क्षेत्रे वगळता राज्यभर लागू आहे आणि प्रादेशिक योजनांखालील ग्रामीण क्षेत्रही तिच्यात येते. तिच्यात शेजाऱ्याच्या घरात शिरणाऱ्या उजेडासाठी प्रकरण नाही. मात्र हरित इमारतीचे प्रमाणपत्र घेणाऱ्याला चटई क्षेत्रात जी वाढीव सवलत मिळते, त्या प्रमाणपत्राच्या गुणांकनात बाहेरच्या दिव्यांमुळे होणारे प्रकाश प्रदूषण कमी करण्याचे गुण असतात. एखाद्या रिसॉर्टने ही सवलत घेतली असेल, तर त्याने दिव्यांबाबत प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला काय लिहून दिले आहे, हे विचारण्यास गावाला पूर्ण वाव आहे.

चौथे ठिकाण जंगलालगतच्या गावांचे. मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, नवेगाव-नागझिरा, बोर ही व्याघ्रक्षेत्रे आणि टिपेश्वर, उमरेड-कऱ्हांडला यांसारखी अभयारण्ये यांच्याभोवतीच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रांत हॉटेल-रिसॉर्टच्या बांधकामावर निर्बंध असतात, रात्रीची वाहतूक नियंत्रित असते आणि क्षेत्रासाठी विभागीय महायोजना तयार करावयाची असते. दिव्यांची अट घालण्याची योग्य जागा हीच महायोजना आहे, कारण ती एकदा मंजूर झाली की प्रत्येक अर्जदाराशी नव्याने वाद घालावा लागत नाही. आपल्या क्षेत्राची अधिसूचना व महायोजनेचा मसुदा वन विभागाकडे किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात मागावा. महायोजना अजून झालेली नसेल, तर गावाच्या दृष्टीने ती अडचण नसून संधी आहे.

अर्ज कोणत्या टेबलावर आहे, ते आधी शोधावे

ग्रामीण भागातील बहुतेक तक्रारी चुकीच्या कार्यालयात दिल्यामुळे वाया जातात. जागा गावठाणात असेल तर महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ खाली बांधकामाची परवानगी ग्रामपंचायतीकडे येते. गावठाणाबाहेर, प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात, प्रादेशिक व नगर रचना अधिनियम, १९६६ च्या कलम १८ नुसार परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळते, आणि त्यांना नगर रचना विभागाचे सहायक संचालक तांत्रिक अभिप्राय देतात. नागपूरभोवतीच्या बऱ्याच गावांत नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा अधिकार चालतो, एमआयडीसीच्या हद्दीत महामंडळाचा, तर समृद्धी महामार्गालगतच्या नियोजित कृषी समृद्धी केंद्रांत रस्ते विकास महामंडळाचा. गट क्रमांक व सातबारा घेऊन ग्रामसेवकाला, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याला, ‘या जागेचे नियोजन प्राधिकरण कोण’ एवढे लेखी विचारले तरी निम्मे काम होते. उत्तर मिळाले नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मंजूर नकाशा, परवानगीचे पत्र आणि त्यातील अटी मागाव्यात. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

येथे एक कायदेशीर बारकावा आहे, आणि तो समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. नियोजन प्राधिकरण प्रादेशिक व नगर रचना अधिनियमाच्या कलम ४५ खाली परवानगी देताना सर्वसाधारण किंवा विशेष अटी घालू शकते, पण अशा अटींना राज्य शासनाची पूर्वमान्यता असावी, असे ते कलम म्हणते. म्हणून गावाने उत्साहाने ठराव करून ‘आमची अट घाला’ म्हटले, तर अधिकारी हात वर करतात आणि त्यांचे तितकेसे चुकतही नाही. यातून वाट अशी काढावी की दिव्यांचा नकाशा व हमीपत्र अर्जदारानेच स्वतःहून अर्जासोबत जोडावे आणि परवानगीच्या पत्रात ‘अर्जासोबतच्या प्रकाशयोजना नकाशानुसार’ हे शब्द यावेत. याच नगर रचना अधिनियमाच्या (ग्रामपंचायत अधिनियमाच्या नव्हे) कलम ५२ मध्ये परवानगीबरहुकूम नसलेले किंवा परवानगीतील अटींचा भंग करणारे बांधकाम शिक्षापात्र ठरवले आहे आणि कलम ५३ खाली नोटीस देता येते. नकाशा मंजुरीचा भाग झाला तर या कलमांचा आधार घेण्याची शक्यता निर्माण होते. शासनाने घातलेल्या अटीइतके हे भक्कम नाही, हे मान्य करावे लागेल. पण ज्या कागदावर अर्जदाराची सही आहे तो कागद सुनावणीत त्याच्यासमोर ठेवता येतो, आणि गावपातळीवर याचे वजन कमी नसते.

अर्जदार हे स्वतःहून का करील? कारण त्याला बहुधा ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला हवा असतो, गावातून जाणारा रस्ता हवा असतो आणि पुढची वीस वर्षे शेजाऱ्यांशी नाते ठेवावयाचे असते. बोलणी याच वेळी करावीत. ग्रामसभेत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर आगाऊ घ्यावा, ऐनवेळच्या विषयांत ढकलू नये. ऐनवेळी घेतलेला ठराव पुढे सहज आव्हानाला बळी पडतो. गडचिरोली जिल्ह्यात व मेळघाटासारख्या अनुसूचित क्षेत्रांत पेसा कायद्यामुळे ग्रामसभेच्या ठरावाला अधिक वजन आहे, तेथे तर हा मार्ग प्रथम वापरावा.

अटींत नेमके काय लिहावे

दिव्याची दिशा, झाकण, रंग, वेळ आणि जागा या पाच गोष्टींखेरीज सहाव्या गोष्टीच्या मागे लागू नये. वॉटवर भर देण्याची सवय सोडावी, कारण एलईडीत कमी वॉटमध्ये भरपूर उजेड मिळतो आणि पन्नास वॉटचा तिरपा फोकस शंभर वॉटच्या झाकलेल्या दिव्यापेक्षा जास्त त्रास देतो.

दिशा व झाकण यांचे महत्त्व सर्वांत अधिक आहे. दिव्याची काच जमिनीला समांतर असेल आणि कडा झाकलेल्या असतील, तर क्षितिजाच्या वर थेट प्रकाश जात नाही. फोकस तीस-चाळीस अंशांनी वर उचलला की त्याचा बराचसा प्रकाश आवारात न पडता शेजारच्या शेतावरून पुढे निघून जातो. आकाशाच्या उजळण्याला सर्वाधिक कारण ठरतो तो क्षितिजाच्या किंचित वर जाणारा प्रकाश, कारण तो हवेतून लांबवर प्रवास करतो आणि वाटेत धूळ व बाष्प यांवरून विखुरतो. दूरच्या शहराचा पिवळट-पांढरा घुमट रात्री क्षितिजावर दिसतो तो यामुळेच. झाकण आहे की नाही हे तपासण्यासाठी यंत्र लागत नाही. आपल्या धुऱ्यावर उभे राहून दिव्याकडे पाहावे. आतला चमकणारा ठिपका थेट डोळ्यांना दिसत असेल तर दिवा झाकलेला नाही, आणि दिव्याखालची जमीन दिसते पण ठिपका दिसत नाही तर तो नीट बसवला आहे.

रंगाबाबत केल्विनचा, म्हणजे रंगतापमानाचा, आकडा लिहावा; तो जितका मोठा तितका प्रकाश निळसर. बाजारात ‘कूल डे लाइट’ म्हणून मिळणारा दिवा ६५०० केल्विनचा असतो व त्यात निळा भाग जास्त असतो. ‘वॉर्म व्हाइट’ २७०० ते ३००० केल्विनचा असतो. लहान तरंगलांबीचा प्रकाश हवेच्या रेणूंवरून कितीतरी अधिक विखुरतो, म्हणून निळसर दिवा आकाश जास्त उजळतो. कीटकही त्याकडे जास्त ओढले जातात. ३००० केल्विनची कमाल मर्यादा ही आंतरराष्ट्रीय पातळीवर रुळलेली अट आहे आणि दोन्ही प्रकारचे दिवे तालुक्याच्या दुकानात मिळतात, त्यामुळे खर्चाची सबब फारशी टिकत नाही.

वेळेची अट व्यवसायानुसार बदलावी. लॉनची सजावटीची रोषणाई कार्यक्रम संपताच बंद व्हावी, आकाशात फिरणारे झोत मुळातच नसावेत, गोदामाच्या अंगणातले दिवे हालचाल टिपणाऱ्या सेन्सरवर असावेत आणि पेट्रोल पंपाला रात्रभर सेवा द्यावयाची असेल तर छताखालचे दिवे छताच्या आत बसवलेले असावेत. जिनिंगला मात्र हंगामात रात्रपाळी चालवावी लागते, म्हणून तिला बंद करण्याची वेळ घालून देणे अव्यवहार्य आहे. तिच्याकडून दिशेची अट काटेकोरपणे घ्यावी.

जागेबाबत माझा साधा हिशेब असा आहे की खांबाची उंची जेवढी, निदान तेवढे अंतर त्याने धुऱ्यापासून राखावे, आणि कुंपणावर दिवा लावायचाच असेल तर त्याचे तोंड आवाराच्या आत असावे व पाठीला पत्रा असावा.

या सर्वांचा मसुदा पुढीलप्रमाणे करता येईल: ‘मी हमी देतो की, सदर गट क्रमांकातील इमारत, आवार, कुंपण व फलक यांवरील सर्व बाह्य दिवे पूर्ण झाकणाचे व काच जमिनीस समांतर राहील असे बसवीन; त्यांचे रंगतापमान ३००० केल्विनपेक्षा अधिक असणार नाही; सजावटीचे व दर्शनी भागावरील दिवे रात्री ११ वाजता अथवा कार्यक्रम संपताच, यांपैकी जे आधी होईल तेव्हा, बंद करीन; लगतच्या निवासी घराच्या खिडकीवर या दिव्यांचा उजेड रात्री ११ नंतर १ लक्सपेक्षा अधिक पडणार नाही; आणि सोबतच्या नकाशात दर्शवलेल्या जागांखेरीज नवा बाह्य दिवा लावण्यापूर्वी सुधारित नकाशा सादर करीन.’ शेवटचे कलम किरकोळ वाटते, पण प्रत्यक्षात तेच जास्त उपयोगी पडते, कारण बहुतेक त्रासदायक फोकस इमारत पूर्ण झाल्यावर, एखादी चोरी झाल्यानंतर किंवा लग्नसराईच्या तोंडावर लावले जातात.

शेतकऱ्याने हरकत लिहिताना

लगतच्या शेतकऱ्याने ‘त्रास होतो’ एवढेच लिहू नये. सोयाबीन हे रात्रीच्या लांबीवर फुलणारे पीक आहे. रात्र पुरेशी लांब व अखंड अंधारी असेल तरच ते वेळेवर फुलोऱ्यात येते. दिव्याखालच्या पट्ट्यातले सोयाबीन म्हणून उशिरा फुलते आणि बाकीचे वावर सोंगणीला आलेले असताना हिरवेच राहते. वाशीम, अकोला, यवतमाळकडच्या शेतकऱ्यांनी रस्त्याकडेच्या दिव्यांखाली हे पाहिलेले असते. तुरीचे आणि भंडारा-गोंदियाकडच्या धानाच्या जुन्या, दिवसमानाला संवेदनशील वाणांचेही असेच आहे. सप्टेंबरअखेर अशा पट्ट्याचे छायाचित्र काढावे, दिव्यापासूनचे अंतर टेपने मोजून त्यावर लिहावे आणि कृषी सहायकाकडून, म्हणजे आताच्या सहायक कृषी अधिकाऱ्याकडून, पाहणीची नोंद करून घ्यावी. हा पुरावा नगर रचना कार्यालयातही समजतो आणि दिवाणी न्यायालयातही.

एक आक्षेप हमखास येतो तो असा, की कृषी विभाग स्वतःच प्रकाश सापळे लावायला सांगतो, मग उजेडाने पिकाचे काय बिघडते? सापळा संध्याकाळी काही तास लावला जातो, त्याखाली पकडलेले पतंग नष्ट केले जातात. रात्रभर जळणारा फोकस पतंगांना परिसरातून ओढून आणतो आणि मारत मात्र नाही. गुलाबी बोंडअळीच्या भागात जिनिंगच्या आवारात सापळे लावण्याची शिफारस असते. तेथे सापळ्याशेजारीच मोठा पांढरा फोकस लावणे हे उलटे काम होय.

वाघ-बिबट्याची भीती आणि उजेड

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या गावांत अंधाराची मागणी करणाऱ्याला लोक वेड्यात काढतील, आणि त्यांची भीती खरी आहे. पहाटे बाहेर पडणाऱ्या बाईला किंवा रानडुकरांपासून पीक राखायला जागलीवर गेलेल्या माणसाला उजेड हवाच असतो. त्यामुळे दिवे कमी करण्याची भाषा न वापरता दिवे खाली वळवण्याची भाषा वापरावी. डोळ्यांवर येणारा तीव्र फोकस बाहुली आकुंचित करतो व त्याच्या पलीकडचे झुडूप आणखी काळे दिसू लागते. झाकलेला, मंद, समान अंतरावर लावलेला दिवा वाटेच्या दोन्ही कडा दाखवतो. शौचालयाची वाट, हातपंप, गोठा आणि शाळा येथे उजेड पुरेसा असावा, जंगलाकडे तोंड करून मात्र एकही दिवा नसावा.

याचे जवळचे उदाहरण पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या महाराष्ट्रातील भागाचे आहे. जानेवारी २०२४ मध्ये त्याला देशातील पहिले डार्क स्काय पार्क म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया व खापा या गावांतील शंभराहून अधिक पथदिवे व सार्वजनिक दिवे बदलून खाली प्रकाश टाकणारे दिवे बसवण्यात आले. गावे अंधारात न लोटता हे करता आले, हा त्यातला घेण्यासारखा भाग आहे. परिसरात रिसॉर्ट काढणाऱ्यानेही याकडे धंद्याच्या नजरेने पाहावे. जो पाहुणा तारे पाहायला पैसे मोजून येतो त्याला तरणतलावाभोवतीची निळी रोषणाई नको असते.

ग्रामपंचायतीने आपले दिवे आधी पाहावेत

गावात दिवाबत्ती करणे हे ग्रामपंचायतीचे काम आहे, आणि चौकाचौकांत आमदार-खासदार निधीतून उभे राहिलेले हायमास्ट हे बऱ्याच गावांत सर्वांत मोठे प्रकाश प्रदूषक आहेत. स्वतःचा हायमास्ट चारी बाजूंनी घरांच्या माड्यांवर उजेड टाकत असताना लॉनवाल्याला अट घालायला निघाले तर तो पहिला प्रश्न हाच विचारील. नव्या कामाच्या अंदाजपत्रकात ‘३००० केल्विन, पूर्ण झाकणाचा, टायमरसह’ हे शब्द घालावेत आणि जुन्या हायमास्टचे फोकस शिडी लावून खाली वळवून घ्यावेत. महावितरणचे दिवाबत्तीचे बिल थकवणाऱ्या ग्रामपंचायती थोड्या नाहीत. मध्यरात्रीनंतर निम्मे दिवे मंद करणारा टायमर त्यांना त्या कारणासाठीही परवडतो.

इमारत आधीच उभी असेल तर

येथे मार्ग अरुंद होतात. प्रथम मालकाला रात्री बोलावून आपल्या अंगणातून त्याचा दिवा दाखवावा. दिवसा कार्यालयात बसून सांगितलेले त्याला पटत नाही आणि बरेचदा एका पान्याने व पत्र्याच्या तुकड्याने प्रश्न सुटतो. त्याने न ऐकल्यास वर सांगितल्याप्रमाणे परवानगीची प्रत मिळवून तिच्याशी प्रत्यक्ष स्थिती ताडून पाहावी. मंजूर नकाशात नसलेला मोठा फलक किंवा मनोरा निघाला, तर मूळ तक्रार उजेडाची असली तरी अनधिकृत बांधकामाची नोटीस निघू शकते. सार्वजनिक उपद्रव असेल, म्हणजे त्रास एकट्याला नसून वस्तीला किंवा रस्त्यावरून जाणाऱ्यांना असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो; राज्यमार्गावर वाहनचालकांचे डोळे दिपवणारा एलईडी फलक हे अशा अर्जाचे चांगले कारण आहे. एकट्याच्या त्रासासाठी दिवाणी मनाईहुकमाचा मार्ग उरतो. तो खर्चिक व लांबणारा आहे, म्हणून शेवटी ठेवावा.

पाहणी रात्री करावी

भोगवटा प्रमाणपत्रापूर्वीची पाहणी नेहमी दिवसा होते आणि दिवसा दिवे कोणीच पाहत नाही. ग्रामपंचायतीने संबंधित अधिकाऱ्यास लेखी विनंती करून सूर्यास्तानंतर तासाभराने, शक्यतो अमावास्येच्या आसपासच्या दिवसांत पाहणी ठेवावी. सोबत लक्समीटर असावा. मोबाइलमधील ॲप एक-दोन लक्सच्या पातळीवर भरवशाचे नसते, त्यामुळे तालुक्यातील तंत्रनिकेतन किंवा महाविद्यालयाकडून मीटर उसना मिळतो का पाहावे. मीटर खिडकीच्या काचेला समांतर, बाहेरच्या बाजूला धरावा. एकदा संबंधित दिवे चालू असताना आणि एकदा बंद करायला लावून वाचन घ्यावे, आणि दोन्ही आकड्यांतील फरक हाच त्या इमारतीचा उजेड मानावा. वेळ, ठिकाण, उपस्थितांची नावे व सह्या यांसह पंचनामा करून त्याची एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरी आणि एक अर्जदाराला द्यावी. लग्नसराई सुरू झाल्यावर हीच पाहणी पुन्हा एकदा करावी, कारण तोवर हमीपत्रातले वॉर्म व्हाइट दिवे जळून गेलेले असतात आणि जवळच्या दुकानात जे मिळाले ते त्यांच्या जागी लागलेले असते.